पुंगळीचा पुनर्जन्म

काडतूस हा शब्द आपल्या मध्यमवर्गीय घरात शिरतो तो दोनच वाटांनी. एक वाट शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकाची. १८५७ साल, एन्फील्ड बंदूक, दातांनी फाडायचे कागदी काडतूस आणि त्याला लावलेली चरबी. दुसरी वाट सकाळच्या वर्तमानपत्राची. 'एक गावठी पिस्तूल व दोन जिवंत काडतुसे हस्तगत.' काडतुसाला 'जिवंत' म्हणणारी ही पोलिसी मराठी मला नेहमीच मोठी अर्थपूर्ण वाटत आली आहे. जिवंत म्हटले की मेलेलेही आलेच. आणि मेलेल्या काडतुसाला आपल्याकडे वेगळे नाव आहे. गोळी उडून गेली, दारू जळून गेली, मागे पितळेची रिकामी नळी तेवढी राहिली, की ती झाली पुंगळी.

या पुंगळीचे पुढे काय होते, हा प्रश्न मराठीच्या प्राध्यापिकेला पडावा असे काही कारण नाही. परंतु माझा धाकटा भाऊ अमेरिकेत ओहायो राज्यात नोकरीला आहे, आणि गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत मी त्याच्याकडे महिनाभर राहिले. त्याच्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ राहतात. आयुष्यभर एका कारखान्याच्या टूलरूममध्ये लेथवर काम करून निवृत्त झालेले. बोलणे बेताचे, हात मात्र सतत चालू. त्यांच्या गॅरेजमध्ये मोटार नाही. तेथे लेथ, व्हाइस, कानशी आणि भिंतभर डबे आहेत. भाऊ म्हणाला, "ताई, तू शब्दांच्या व्युत्पत्त्या शोधतेस ना? चल, आज तुला पितळेची व्युत्पत्ती दाखवतो."

आधीच सांगून टाकते, की बंदुकीविषयी मला प्रेम नाही. त्या देशात ती किती सहज हाती येते आणि त्याचे परिणाम काय होतात, हे आपण बातम्यांतून वाचतोच. पण या गृहस्थांच्या गॅरेजमध्ये मी चार दुपारी काढल्या त्या बंदुकीसाठी नव्हेत, पितळेसाठी.

काडतुसात चार वस्तू असतात. पुढे गोळी, मागे बुडाशी ठिणगी देणारा छोटासा प्रायमर, मध्ये दारू, आणि या तिघांना एकत्र धरून ठेवणारी पुंगळी. बार उडाला की पहिल्या तिघी संपतात. पुंगळी तेवढी शाबूत बाहेर पडते, आणि चौघींत बहुधा महागही तीच असते. तेव्हा काटकसरी माणसाच्या मनात जे यायचे तेच आले: जुना प्रायमर टोचून काढा, नवा बसवा, मापाने दारू घाला, वर गोळी दाबा. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी असे घरी काडतुसे भरायला परवाना लागत नाही; विकायची म्हटली की लागतो. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनवणे हा गुन्हाच आहे, आणि ते ठीकच आहे असे माझे मत आहे. म्हणून यापुढे जे वाचाल ते पाककृती म्हणून वाचू नये.

एकाच मापाची पुंगळी पुन्हा भरणे ही झाली साधी गोष्ट. आमच्या शेजारीबुवांचा खरा छंद त्याच्या पुढचा: एका मापाच्या पुंगळीतून दुसऱ्या मापाची पुंगळी करणे.

यासाठी त्यांच्या हाती पडले ते मकारोव पिस्तूल. निकोलाय मकारोव या रशियन अभियंत्याने रचलेले हे पिस्तूल सोव्हिएत सैन्याने १९५१ साली स्वीकारले. पुढे चाळीस वर्षे ते पोलादी पडद्याआड राहिले. १९९० नंतर पडदा फाटला आणि पूर्व जर्मनी, बल्गेरिया, चीन, रशिया अशा ठिकाणची मकारोव पिस्तुले अमेरिकेच्या बाजारात स्वस्तात येऊन पडली. बुवांनीही एक घेतले. त्याची काडतुसेही स्वस्त मिळत, पण ती पुन्हा भरण्याच्या कामाची नव्हती. पुंगळ्या बहुतेक पोलादाच्या, आणि प्रायमर बर्डन पद्धतीचा.

या प्रायमरची एक गमतीची गोष्ट आहे. १८६६ च्या सुमारास दोन माणसांनी दोन पद्धती काढल्या. हायरम बर्डन हा अमेरिकन, एडवर्ड बॉक्सर हा इंग्रज. बॉक्सरच्या पुंगळीच्या बुडाला मधोमध एकच भोक असते. आतून सुई घातली की जुना प्रायमर टपकन बाहेर पडतो. बर्डनच्या पुंगळीत मध्यावर पितळेचाच उंचवटा आणि बाजूला दोन बारीक भोके. सुईला वाटच नाही. नशिबाचा खेळ असा, की अमेरिकनाची पद्धत युरोपात रुजली आणि इंग्रजाची अमेरिकेत. घरी काडतुसे भरण्याचा छंद अमेरिकेत एवढा फोफावला, त्याला त्या एका मधल्या भोकाचा मोठा हातभार आहे.

तर, मकारोवची पितळी, बॉक्सर पद्धतीची पुंगळी त्या काळी दुर्मिळ. आणि चांदमारीच्या मैदानावर पायाखाली खच पडलेला कशाचा? तर ९ मिलिमीटर ल्यूगरच्या पुंगळ्यांचा. जगात सर्वांत जास्त चालणाऱ्या पिस्तुली काडतुसांपैकी हे एक. वाकायचे आणि उचलायचे. दोन्ही पुंगळ्यांचे बूड जवळजवळ सारखेच, म्हणजे पिस्तुलाच्या नखात ते नीट अडकते. लांबी मात्र ल्यूगरची १९.१५ मिलिमीटर आणि मकारोवची १८.१. एक मिलिमीटर कापला की झाले, असे वाटेल.

वाटते तितके सोपे ते नाही. दोघांच्याही नावात '९ मिलिमीटर' आहे. पण ल्यूगरच्या गोळीचा व्यास ९.०२ च्या आसपास आणि मकारोवच्या गोळीचा ९.२७. मग दोघांनाही नऊ का म्हणायचे? तर नळीच्या आत ज्या पिळाच्या खाचा असतात त्यांच्यामुळे. पाश्चात्त्यांनी खाचेच्या तळापासून तळापर्यंत मोजले आणि रशियनांनी उंचवट्यापासून उंचवट्यापर्यंत. गोळी खाच भरून काढते, म्हणून रशियन नऊ हा खरोखर नऊहून जाड. अमेरिकनांचे तरी काय? त्यांच्या प्रसिद्ध '.३८ स्पेशल' रिव्हॉल्व्हरची गोळी प्रत्यक्षात .३५७ इंचाची असते. हे ऐकल्यावर मला फार बरे वाटले. नाव आणि वस्तू यांची फारकत ही केवळ आम्हा भाषावाल्यांचीच डोकेदुखी आहे, असा माझा समज होता.

शिवाय ल्यूगरचे घराणेही तसे शुद्ध नाहीच. बोर्कार्टच्या १८९३ च्या पिस्तुलाची पुंगळी लांब, गळ्याशी बाटलीसारखी निमुळती. जॉर्ज ल्यूगरच्या पिस्तुलासाठी ती आखूड करण्यात आली, आणि १९०२ मध्ये तिचा गळा रुंद करून त्यात ९ मिलिमीटरची गोळी बसवण्यात आली. म्हणजे आज जिला आपण मूळ धातू समजतो तीच एक अपभ्रष्ट पुंगळी! बुवा तिचा पुढचा अपभ्रंश करतात एवढेच.

आता त्यांचे काम पाहा. आधी चुंबक फिरवून पोलादी माल वेगळा करायचा. मग बुडावरची छाप भिंगातून वाचून कारखान्यागणिक ढीग लावायचे. कारण पुंगळीची भिंत सगळीकडे सारख्या जाडीची नसते. तोंडाशी पातळ आणि बुडाकडे जाड होत गेलेली. तोंड कापले की नवे तोंड अंमळ जाड जागी येते, आणि त्यात गोळीही जाड बसवायची. काही कारखान्यांच्या पुंगळ्या इतक्या जाड निघतात की भरलेले काडतूस नळीत शिरतच नाही. अशा ढिगाकडे बोट दाखवून ते म्हणाले, "यांचं पितळ चांगलं आहे, पण आमच्या उपयोगाचं नाही." आणि ढीग बाजूला सारला.

त्यानंतर प्रायमर काढणे. मग एका लहानशा करवतीला बसवलेल्या खाचेत पुंगळी आडवी ठेवून ती मापाहून केसभर लांब कापायची. उरलेला केसभर भाग छोट्या लेथवर. हा केस फार महत्त्वाचा, कारण या जातीच्या काडतुसाला मागे बाहेर आलेली कड नसते. ते नळीत आपल्या तोंडाच्या काठावर टेकून उभे राहते. पुंगळी लांब राहिली तर काठ पुढे चिमटला जातो, गोळी सुटायला अडते आणि दाब भलताच चढतो. आखूड झाली तर काडतूस आत घसरते आणि टाचणी नीट पोहोचत नाही. हिशेब सगळा मिलिमीटरच्या अंशांचा. कापल्यावर आतून-बाहेरून कंगोरे काढायचे, तोंड दट्ट्याने थोडे रुंद करायचे आणि सगळी पुंगळी मकारोवच्या डायमधून दाबून काढायची.

हे दाबण्याचे यंत्र पाहून मला हसू आले. लोखंडी दांडा, खाली दट्ट्या, वर बदलता येणारा साचा. आपला सोऱ्याच की! चकलीची ताटली काढून शेवेची घातली, की त्याच पिठाची दुसरी वस्तू. मी भावाला तसे म्हटले, त्याने बुवांना इंग्रजीत समजावले. त्यांनी सोऱ्याचे चित्र कागदावर काढून मागितले आणि ते बराच वेळ पाहत राहिले. दट्ट्याला आटे आहेत की नुसता दाब, हा त्यांचा पहिला प्रश्न. दोन्ही प्रकारचे असतात, म्हटल्यावर त्यांनी मान डोलावली.

मकारोवचे काम त्या मानाने हलके. अवघड काम टोकारेव या दुसऱ्या रशियन पिस्तुलाचे. त्याची २५ मिलिमीटरची, बाटलीच्या आकाराची पुंगळी ही मंडळी रायफलीच्या जवळजवळ ४५ मिलिमीटरच्या पुंगळीतून काढतात. ती अर्ध्याच्या जवळपास कापायची आणि जाड भिंतीला आवळून गळा करायचा. येथे पितळ रुसते. पुण्याच्या तांबट आळीत ज्यांनी मठारकाम पाहिले असेल त्यांना हे रुसणे ठाऊक आहे: ठोकत गेले की धातू ताठर होत जातो, आणि एका मर्यादेपलीकडे तडकतो. म्हणून तांबट भांडे पुन्हा भट्टीत घालून मऊ करतो. बुवांना तसे करता येत नाही. पुंगळीचा गळा मऊ हवा, पण बूड कडकच राहिले पाहिजे. स्फोटाचा सगळा भार बुडावर. म्हणून ते पुंगळ्या परातीसारख्या भांड्यात पाण्यात उभ्या करतात आणि वरून गळ्याला ज्योत दाखवतात. गळ्याला आच आणि बूड गार पाण्यात. रंग पालटला की काडीने आडवी पाडायची. ती चुर्रकन विझते.

पितळच का, हा प्रश्न मी विचारला. काडतुसाचे पितळ म्हणजे सत्तर भाग तांबे आणि तीस भाग जस्त. बार उडताच ही पुंगळी फुगते आणि नळीच्या भिंतीला घट्ट चिकटते. त्यामुळे जळता वायू मागे, नेमबाजाच्या तोंडावर येत नाही. दाब उतरताच ती किंचित आक्रसते, म्हणून बाहेर काढता येते. फुगणे आणि आक्रसणे हे दोन्ही गुण एका धातूत असावे लागतात. परंतु धातूला जोर करून वाकवले की त्याच्या पोटात एक ताण शिल्लक राहतो. तो डोळ्यांना दिसत नाही. या ताणाची कथा आपल्या देशातच घडलेली आहे, आणि ती बुवांनी मला सांगितली याचे मला नवल वाटले.

ब्रिटिश फौजेच्या लक्षात आले की हिंदुस्थानात साठवलेली काडतुसे पावसाळ्यात आपोआप तडकतात. कोणी आपटलेली नाहीत, कोणी उडवलेली नाहीत. पेटीतल्या पेटीत चिरा पडतात. काडतुसे ठेवलेली असत घोड्यांच्या पागेजवळ. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया, पावसाळी दमट हवा आणि पुंगळी ओढून घडवताना तिच्या पोटात राहिलेला ताण, या तिघांचे ते कारस्थान होते. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिनसन या तिघांनी १९२१ साली त्याचा उलगडा केला. इंग्रजीत त्याला 'सीझन क्रॅकिंग' म्हणतात. उपाय सोपा निघाला: घडवल्यानंतर पुंगळी बेताच्या आचेवर तापवायची, म्हणजे ताण उतरतो.

म्हणूनच काडतुसे भरणारी मंडळी पितळ चकचकीत करायला अमोनियाचे पॉलिश कधीही वापरत नाहीत. बुवा काय वापरतात? लिंबाच्या आंबटाची पूड! एका फिरत्या पिंपात पाणी, साबण, चिमूटभर ती पूड आणि पोलादाच्या बारीक टाचण्या. आपल्याकडे दिवाळीच्या आधी चिंचेने समया घासतात, त्याच जातीचे हे काम.

येथवर सगळे मौजेचे. पण तिसऱ्या दुपारी त्यांनी माझ्या तळहातावर दोन पुंगळ्या ठेवल्या आणि बुडे वाचायला सांगितली. दोन्हींवर एकच छाप: ९ मिलिमीटर ल्यूगर. एक तशीच होती. दुसरी कापून मकारोव झालेली. तोंडे वर करून पाहिली तर फरक एका मिलिमीटरचा, आणि तोही शेजारी शेजारी ठेवल्या म्हणून कळायचा. अंग बदलता येते, पण बुडावरचे कोरलेले नाव पुसता येत नाही. पुसायला गेले तर बूड दुबळे होते.

आणि नावावर विसंबूनच तर दारू मोजायची असते. ल्यूगर काडतुसाच्या आत दाबाची मर्यादा हवेच्या दाबाच्या सुमारे २३०० पट. मकारोवची सुमारे १६००. ल्यूगरच्या पिस्तुलाला मागे कुलूप असते, दाब उतरेपर्यंत ते उघडत नाही. मकारोवला कुलूप नाही. सरकत्या भागाचे वजन आणि एक स्प्रिंग एवढ्यावरच त्याची भिस्त. उद्या कोणी बुडावरचे नाव वाचून, ल्यूगरच्या कोष्टकाप्रमाणे दारू घालून ते काडतूस मकारोवमध्ये चढवले तर काय होईल, हे बुवांनी मला शब्दांत सांगितले नाही. त्यांनी आपला उजवा हात पुढे केला आणि डाव्या हाताने त्याची बोटे एकेक करून मिटली.

त्यांच्यासाठी हा प्रश्न आता पुस्तकी राहिलेला नाही. वय ऐंशीच्या पुढे. एका डोळ्याचे मोतीबिंदूचे शस्त्रकर्म झाले आहे, दुसऱ्याचे व्हायचे आहे. काट्याचे व्हर्नियर बाजूला ठेवून त्यांनी मोठ्या आकड्यांचे विजेरीवाले घेतले आहे. आणि त्यांचा नातू, कॉलेजात शिकणारा, आजोबांची पिस्तुले व डबे आपल्याला मिळणार म्हणून आनंदात आहे. बाजारात आज मकारोवच्या तयार पितळी पुंगळ्या मिळतात. पण २०२० साली महामारीत काडतुसांचा दुष्काळ पडला, आणि पुढच्याच वर्षी सप्टेंबरपासून अमेरिकन सरकारने रशियन दारूगोळ्याच्या नव्या आयात परवान्यांवर निर्बंध आणले. तेव्हा जुन्या डब्यांची किंमत पुन्हा वाढली, आणि नातवाची हौसही.

डब्यांवर चिठ्ठ्या आहेत. कापलेल्या प्रत्येक पुंगळीच्या बुडाला तांबडी शाई आहे. एक वही आहे, तिच्यात तारीखवार नोंद आहे. पण तीस वर्षांच्या संसारात व्हायचे ते झालेच. काही चिठ्ठ्यांची शाई उडाली. काही डब्यांतल्या पुंगळ्या पिंपात धुताना तांबडा रंगही धुऊन गेला, आणि पुन्हा लावायचा राहिला. मी म्हटले, लांबी मोजून वेगळ्या करता येतील की! ते म्हणाले, "लांबी मोजता येते हो. पण ती किती वेळा भरून झाली आहे, ते कशाने मोजू?" दर बाराला पितळ थोडे ताठरते, थोडे थकते. जिचा हिशेब नाही ती पुंगळी वरून कितीही लखलखीत असली तरी तिचा भरवसा नाही.

चौथ्या दुपारी त्यांनी निर्णय घेतला. ज्या डब्यांची नोंद वहीत सापडत नव्हती ते सगळे खाली काढले. भाऊ आणि ते पकडी घेऊन बसले आणि एकेका पुंगळीचे तोंड चपटे करून टाकू लागले, म्हणजे पुन्हा कोणाला मोह होऊ नये. कापायला, घासायला, मापायला लागलेले त्यांचे कितीतरी हिवाळे त्या आवाजात चेपले जात होते. त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसले नाही. मध्ये एकदा एक पुंगळी उचलून त्यांनी उजेडात धरली, तोंडावरून अंगठा फिरवला आणि तीही चेपली. भंगारवाला पितळ वजनावर घेतो.

मला आठवण म्हणून एक न्यावी असे वाटले होते. भाऊ म्हणाला, "ताई, मुंबईच्या विमानतळावर सामानात सापडली तर व्युत्पत्ती सांगत बसशील का?" मी ती परत डब्यात टाकली.

संध्याकाळी उरलेल्या डब्यांवर नव्या चिठ्ठ्या लावायच्या होत्या. बुवांचे अक्षर आता थरथरते, भावाचे कॉलेजपासूनच अगम्य. तेव्हा ते वहीतून वाचून सांगू लागले आणि मी मोठ्या, सुट्या अक्षरांत लिहू लागले. अडतीस चिठ्ठ्या झाल्या. बहुतेकींवर मजकूर एकच होता: मकारोव. ल्यूगरची कापून केलेली. दोनदा भरलेली. बुडावरचे नाव वाचू नये.